बबनरावांच्या फोल्डरमधली टोळी

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची समजूत आहे की मी मोबाईल दुरुस्त करते. चहा होईपर्यंत ते गप्प बसतात आणि कप खाली ठेवला की खिशातून फोन काढतात. "चार्जिंग लवकर उतरून राहिली बाई, पाह्य ना जरा." मी सांगते की मी मोबाईल उघडत नाही, मोबाईलमध्ये जी ॲप चालतात ती लिहिते. पाहुणे समजल्यासारखी मान डोलावतात आणि विचारतात, "मंग स्क्रीनगार्ड त बसवून देशीन?" वीसेक वर्षं हा धंदा केला, बराचसा पुण्यात आणि शेवटचा थोडा नागपूरजवळच्या, मध्य प्रदेशातल्या सौंसरला, पण आपली मुलगी नेमकं काय करते हे आमच्या आईलाही सांगता येत नाही. कोणी विचारलं तर ती म्हणते, "टाईप करते." आजवर माझ्या कामाबद्दल जे काही बोललं गेलं त्यात हेच त्यातल्या त्यात खरं आहे.

आमच्या धंद्यातले लोक दिवाळी अंकात लिहितात तेव्हा कोट्यवधी लोकांनी वापरलेल्या ॲपबद्दल लिहितात. मी ठिपक्यांबद्दल लिहिणार आहे. हे ठिपके वाचकांनी कधी पाहिलेले नसतात आणि पाहायची गरजही नाही, पण थोडं समजावून सांगते, नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

ॲप म्हणजे एकसंध वस्तू नसते. ती शेकडो छोट्या फायलींची वसाहत असते. एक फाईल बटण काढते, एक तारीख दाखवते, एक नकाशा मांडते. एका फाईलला दुसरीची गरज लागली की तिनं आपल्या डोक्यावर, अगदी पहिल्या ओळीत, ती दुसरी कुठे राहते याचा पत्ता लिहायचा असतो. याला आम्ही इम्पोर्ट म्हणतो. फायली फोल्डरमध्ये राहतात, फोल्डर आणखी मोठ्या फोल्डरमध्ये राहतात, म्हणून पत्ता लिहायच्या दोन तऱ्हा पडतात. पहिली तऱ्हा म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथून सांगायचं: या फोल्डरमधून बाहेर नीघ, त्याच्याही बाहेर नीघ, मग उजवीकडच्या फोल्डरमध्ये शीर. एकदा बाहेर निघायचं म्हणजे दोन ठिपके आणि एक तिरपी रेघ. पाचदा निघायचं तर तेच पाचदा. पांढुर्ण्यात कोणाला घर विचारलं की तो असंच सांगतो: मांगं फिरा, चक्कीपासून आत जा, मंग कोनालेई विचारा. पत्ता चुकीचा नसतो. पण तुम्ही विचारलं त्याच जागी उभे असाल तोवरच तो कामाचा. दुसरी तऱ्हा म्हणजे फोल्डरला एकदाच एक नाव ठरवून द्यायचं आणि कुठूनही त्याच नावानं हाक मारायची. मग फाईल इथली उचलून तिथे ठेवा, पत्ता बदलत नाही.

झालं, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवरून मी इतकी भांडणं केली आहेत की, लग्न न करताही माझा सासरच्या भांडणांचा वाटा पूर्ण झाला असावा.

पुण्याच्या कंपनीत आमच्यावर एक आर्किटेक्ट होते. घरं बांधणारे नव्हेत. सॉफ्टवेअरमध्ये जो स्वतः लिहिणं सोडून देतो आणि फळ्यावर चौकोन काढतो त्याला आर्किटेक्ट म्हणतात. ठिपक्यांची कटकट मिटवायला त्यांनी एक भलीमोठी फाईल काढली आणि फर्मान सोडलं की प्रत्येकानं प्रत्येक गोष्ट याच फाईलकडून मागायची. झालं असं की पहिली फाईल दुसरीची वाट पाहू लागली, दुसरी त्या मोठ्या फाईलमार्फत फिरून पहिलीचीच वाट पाहू लागली, आणि ॲप उघडल्या उघडल्या दोघी दारात "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत उभ्या राहिल्या. पडदा कोराच. आर्किटेक्ट म्हणाले, "नेटवर्क स्लो आहे." पुढे त्यांना बढती मिळाली. वडील गेल्यावर आई बोरगावात एकटी पडली म्हणून मी ती नोकरी सोडली, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे, पण या गृहस्थांचा त्यात थोडा हातभार होता.

सौंसरला त्या वेळी एक नवी कंपनी निघाली होती. खाली बियाणं-खताचं दुकान, वर आमचं ऑफिस. मालक विवेक सर. घरचा संत्र्याचा बगीचा, शिक्षण बंगलोरचं, आणि तिथून येताना त्यांनी एकच गोष्ट आणली होती, ती म्हणजे बीनबॅग. त्यात बसलेला माणूस आपला आपण उठू शकत नसे. बगीचेवाले ग्राहक आले की सर त्यांना आग्रहानं त्यात बसवत, आणि मग करार होईपर्यंत त्यांची सुटका नसे. धंद्याचं शहाणपण म्हणून याला मी शंभरपैकी शंभर देईन.

आमचं ॲप संत्र्याच्या तोड्यासाठी होतं. फळ तयार झालं की बगीचेवाल्याला तोडणारी माणसं लागतात, आणि ती त्याच आठवड्यात लागतात. संत्रं झाडावर पाहुण्यासारखं थांबत नाही. ही माणसं टोळीनं काम करतात. चार-दोन गडी शिड्यांवर चढून फळ तोडतात, बाया ते वेचतात, निवडतात, कॅरेट भरतात. टोळ्या ठेकेदाराच्या हाताखाली असतात. पूर्वी बगीचेवाला ठेकेदाराला फोन करायचा. आता तो आमच्या ॲपवर मागणी टाकायचा, ती ठेकेदाराकडे जायची, ठेकेदार टोळी धाडायचा. दोनच हंगामांत सौंसर ते पांढुर्णा सगळे बगीचेवाले फोन करायचे विसरले. ॲपमध्ये जो नाही त्याला तोडा नाही, अशी स्थिती झाली. विवेक सर याला क्रांती म्हणत.

ग्राहकांच्या तऱ्हा काय सांगू. एका बगीचेवाल्याला नकाशावर आपला बगीचा शेजाऱ्यापेक्षा मोठा दिसायला हवा होता. "आहेच मोठा," तो म्हणाला, "फक्त मोजनीत लहान आहे." दुसऱ्याची मागणी होती की शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी नाही हे ॲपमध्ये सगळ्यांना दिसलं पाहिजे. आम्ही संत्री तोडायची माणसं मिळवून देतो, विहिरींचं आमच्याकडे काही नाही, असं सांगितलं तर म्हणाला, "मंग कायचं ॲप?"

ॲप लिहिलं होतं गणेशनं. सावरगावचा मुलगा, आता मुलगा म्हणायचं वय राहिलं नाही, पण सगळे म्हणतात. डिप्लोमा अर्धवट, बाकीचं इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून शिकला. मेहनती होता आणि चलाखही होता. फक्त त्यानं फोल्डर लावताना एक असा घोळ घातला होता जो पुण्याच्या आर्किटेक्टला जन्मात सुचला नसता, कारण त्यासाठी आमच्या भागातच जन्म घ्यावा लागतो.

गणेशनं कोडचे फोल्डर माणसांच्या मानाप्रमाणे एकात एक बसवले होते. सगळ्यात बाहेर सर्वांच्या वापराच्या वस्तू: बटणं, रंग, अक्षरं, तारखा. तिथेच बाजूला बगीचेवाले. बगीचेवाल्यांच्या आत ठेकेदार. ठेकेदारांच्या आत एकेक ठेकेदार, जसे बबनराव. बबनरावांच्या आत बोरगाव. बोरगावच्या आत मोहल्ला, आणि मोहल्ल्याच्या आत टोळी. प्रत्येक टोळीसाठी त्यानं पडद्यांच्या फायलींची वेगळी नक्कल केली होती आणि ती त्या त्या ठेकेदाराच्या पोटात ठेवली होती. मी पहिल्या दिवशी ते उघडलं तेव्हा टोळीच्या फाईलच्या डोक्यावर ठिपक्यांची रांग पाहून मला वाटलं कीबोर्डवर काही सांडलं.

"हे काय आहे गणेश?"

"पत्ते आहेत ताई."

"ते कळलं. पण टोळी बबनरावांच्या पोटात कशाला?"

"मंग कोनाच्या पोटात राहीन? टोळी त्याहिचीच आहे ना."

सर्वांत खोल कोणाची टोळी होती हे वेगळं सांगायला नको. बोरगावच्या आमच्या मोहल्ल्याची होती. ज्या मोहल्ल्यात बुद्धविहार आहे, ज्या मोहल्ल्यात मी वाढले, त्याच्यासाठी गणेशनं गावाच्या आत आणखी एक फोल्डर केला होता, आणि बाकीच्या टोळ्या मात्र थेट गावातच होत्या. त्यानं हे ठरवून केलं नव्हतं, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहिते. त्याचा हात आपोआप तिकडे गेला. मी विचारल्यावर तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "तिकडं वेगळंच राह्यते ना ताई, म्हनून केलं." संगणकाला यातलं काही कळत नाही. तो बिचारा प्रत्येक वेळी ठिपके मोजत सगळ्यांच्या घरांतून बाहेर निघून बटणापर्यंत जायचा आणि परत यायचा.

माणसं हलली की मात्र हे सगळं कोसळायचं. मी येण्याआधी सावरगावच्या एका टोळीनं बबनरावांना सोडून दुसरा ठेकेदार धरला होता. गणेशनं टोळीचा फोल्डर उचलून नव्या ठेकेदाराच्या पोटात ठेवला. जागा बदलली, त्यामुळे आतल्या प्रत्येक फाईलचा प्रत्येक पत्ता खोटा झाला, आणि ऐन तोड्यात सगळ्यांच्याच फोनवर ॲपचा पडदा पांढराफटक. बगीचेवाले शिड्या लावून वाट पाहत उभे. ते निस्तरल्यावर विवेक सरांनी नियम केला: टोळीनं ठेकेदार बदलायचा नाही. कोणी विचारलं तर ते दोन्ही हात पसरून सांगत, "मी काय करू, सिस्टम अलाऊ नहीं करता." पत्ते नीट लिहिले नाहीत म्हणून माणसं जिथल्या तिथे बांधून ठेवायची, हा इलाज मी पुण्यातसुद्धा पाहिला नव्हता.

बबनरावांना हा नियम फार आवडला. टोळी सोडून जाऊ शकत नाही म्हटल्यावर त्यांनी सगळ्यात आधी टोळीला ने-आण करणारी गाडी बंद केली.

कांतामावशी माझ्या आईची मावसबहीण. बोरगावच्या आमच्या मोहल्ल्याची टोळी तिची. तोंडानं तिखट, कामात वाघीण, आणि फोनमध्ये तिला येणारा कॉल घेण्यापलीकडे रस नव्हता. ती एका दुपारी थेट ऑफिसात आली. चप्पल दाराबाहेर काढून, बीनबॅगकडे एकदा संशयानं पाहून उभीच राहिली.

"मांगच्या तोड्यात एकदा दिवस बुडाला तरी बबनरावची गाडी नाई आली," ती म्हणाली. "पोरीबाळी संगं होत्या. डांबरीनं पायी आलो. बाजूनं ट्रक चालून राहिले. सकाळी त्याले म्हनलं, त तो म्हनते डिझेल महाग झालं. मंग आमी सोडलं त्याले."

"मग आता?"

"आता काय. तुह्या ॲपात माह्यं नाव टाक. बगीचेवाल्यानं मले बलावलं पाहिजे, त्याच्या नावानं काऊन?"

विवेक सर आतून ऐकत होते. ते बाहेर आले, दोन्ही हात पसरले आणि सिस्टमचं सांगितलं. कांतामावशीनं त्यांच्याकडे न पाहता मला विचारलं, "हे सिस्टम कोन आहे? त्याले भेटवून दे मले." सिस्टम गणेश या नावानं माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसून मान खाली घालून टाईप करत होती.

तोडा सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते. बबनरावांच्या पोटातून बाहेर निघता आलं नाही तर या बायांपुढे दोनच वाटा होत्या: हंगामभर घरी बसणं किंवा बबनरावांपुढे जाऊन हात जोडणं. तिसरी वाट माझ्या हातात होती, आणि ती काही फार मोठी विद्या नव्हती. टोळ्यांसाठी बाहेर एकच फोल्डर करायचा, नक्कल केलेल्या फायली टाकून द्यायच्या, सगळ्या टोळ्यांना एकाच रांगेत बसवायचं, आणि ठिपके पुसून प्रत्येक पत्ता नावानं लिहायचा. मग टोळी कोणत्या ठेकेदाराची, की कोणाचीच नाही, ही नुसती माहिती उरते. कोडला त्याच्याशी घेणंदेणं राहत नाही.

सरांना हे कारण सांगून उपयोग नव्हता. सुदैवानं नागपूरचे काही लोक कंपनीत पैसा घालायला येणार होते. मी म्हटलं, "सर, ते कोड उघडून पाहतील. हे असं दाखवणार का?" विवेक सरांना साफ कोड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण पाहुणे येणार असले की घर झाडायचं असतं एवढं कळत होतं. त्यांनी परवानगी दिली आणि एक नवी बीनबॅग मागवली.

गणेश दोन दिवस तोंड फुगवून होता. मग म्हणाला, "ताई, सारे रस्ते मलेच पाठ होते. हे असं सोपं झालं त मले कोन ठेवन?"

मी म्हटलं, "रस्ते पाठ असणं ही काही नोकरी नाही गणेश. तुला आणखी काही येतं का ते आता कळेल." कठोर बोलले, पण त्यानं ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसला.

नाव ठरवून देणं बाहेरच्याला सोपं वाटतं. पण ते नाव तीन ठिकाणी कळवावं लागतं: आम्ही ज्यात लिहितो त्या एडिटरला, जो प्रोग्राम ॲप बांधतो त्याला, आणि जो प्रोग्राम ते तपासतो त्याला. एकाला सांगून दुसऱ्याला राहिलं तर तो रुसतो. पहिल्यांदा मी एडिटरला सांगितलं, तिथे सगळं छान दिसलं, एकही लाल रेघ नाही, आणि ॲप चालवलं तर पडदा लालभडक, "असं कोणी इथे राहत नाही." लग्नात एका व्याह्याला पत्रिका देऊन दुसऱ्याला विसरलं की जे होतं ते. तिघांनाही सांगितलं तरी ॲप जुनेच पत्ते आठवून आठवून चुकीच्या घरी जात होतं. त्याची स्मृती पुसावी लागते. ती पुसायची असते हे आम्हाला माहीत असतं आणि तरी दर वेळी अर्धा दिवस डोकं फोडल्यावर आठवतं. या धंद्यातल्या हुशारीबद्दल लोकांचा उगाच मोठा गैरसमज आहे.

टोळीचा पडदा बाहेर काढताना मला दिसलं की त्यावर एकच बटण आहे. काम आल्याची सूचना, आणि खाली हिरवं "हो". ठेकेदारांच्या पडद्यावर दोन होती, हो आणि नाही. मी गणेशला विचारलं.

"बटनाचा फोल्डर पार बाहेर होता ना ताई. टोळीतून तिथवर जायाचं म्हनजे ठिपकेच ठिपके. मंग मी तिथंच एक हिरवं रंगवून देल्लं."

"आणि नाही?"

त्यानं माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्यानं पाहिलं. "टोळी कुठं नाई म्हनते?"

आता बटणांचा पत्ता एका नावाचा झाला होता. मी टोळीच्या फाईलच्या डोक्यावर एक ओळ लिहिली आणि सर्वांची जी दोन बटणं होती तीच टोळीलाही दिली. कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नाही.

नागपूरचे पाहुणे आले. त्यांनी संत्राबर्फी खाल्ली, विवेक सरांचे चौकोन पाहिले, ॲपचा नारिंगी रंग थोडा आणखी नारिंगी करता येईल का विचारलं आणि गेले. कोडची एक फाईल उघडली नाही. पैसा आला की नाही हे मला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर बबनराव आले. ते बीनबॅगमध्ये बसून गेलेले जुने जाणकार, म्हणून त्यांनी दारातूनच विचारलं, "माह्या फोल्डरातून काढलं म्हनते तुमी कांताबाईले." हा शब्द त्यांना कोणी शिकवला देव जाणे.

"फोल्डर कंपनीचा आहे," मी म्हटलं.

"टोळी त माही होती ना."

"गाडीसुद्धा तुमचीच होती बबनराव."

ते विवेक सरांकडे वळले. सरांनी हात पसरले आणि म्हणाले, "आता सिस्टम अलाऊ करून राहिली." हे वाक्य त्यांनी कोणत्या मनानं उच्चारलं ते मला कळलं नाही, पण ऐकायला गोड लागलं.

ॲपमध्ये मावशीची टोळी आता पूर्वीसारखी 'बबनराव, टोळी चार' अशी दिसत नव्हती. कांताबाई गजभिये, बोरगाव, असं दिसत होतं. पहिल्याच आठवड्यात एका बगीचेवाल्या काकांची मागणी तिच्याकडे गेली. काकांचं नाव मी इथे लिहीत नाही. नावं आणि आडनावं विचारायची हौस त्यांना आहे, मला नाही. थोड्या वेळानं त्यांचा ऑफिसात फोन आला.

"हे गजभिये म्हनजे कोन आहे?"

"काका, मागच्या हंगामात तुमचा तोडा केला तीच टोळी. त्याच्या आदल्या वर्षीही तीच."

"ते बबनरावची होती."

"माणसं तीच आहेत. बबनराव शिडीवर चढत नव्हते."

"असन. पन बगीच्यात विहीर आहे, घर आहे, मानसं जेवाले बसते. बबनरावच्या नावानं आले त वेगळं राह्यते. तुमी त्याचीच टोळी धाडा." आणि मग, अगदी प्रेमानं, "बेटा, तुह्यं पूर्ण नाव काय?"

मी पूर्ण नाव सांगितलं आणि फोन ठेवला. त्यांनी मागणी रद्द केली. मला राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची कीव आली. नाव बाहेर काढलं की काम झालं, असं मी समजून चालले होते. त्यांचं स्वतःचं नाव लावून मी ज्या बायांना उघडं केलं होतं त्यांना आजवर बबनरावांचं नाव पांघरुणासारखं पुरत होतं, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, आणि इतर कोणाच्या नाही तर माझ्या तरी. संध्याकाळी मी मावशीकडे जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मले का माईत नाई तो," ती म्हणाली. "इतके साल त्याच्या वावरात आपली शिदोरी अन् आपलंच पानी घेऊन गेलो. तिगावची एक मागनी आली आहे, तिकडं जातो."

तिगावच्या बगीचेवाल्याला फळ तोडून हवं होतं, बाकी त्यानं काही विचारलं नाही. एकाकडून दुसऱ्याकडे कळलं आणि त्या पट्ट्यातली दोन-तीन कामं मावशीला लागोपाठ मिळाली. गाडी बगीचेवाल्यानंच लावली.

इकडे काकांना बबनरावांनी जी टोळी धाडली तिच्यात संत्रं निवडणारं कोणी नव्हतं. कॅरेटमध्ये पिकलेलं आणि हिरवं एकत्र भरलं, व्यापाऱ्यानं माल नाकारला. उरलेलं फळ गळायला लागलं. मग काकांनी ॲप उघडलं आणि गजभिये या नावावर पुन्हा मागणी टाकली.

मावशी तेव्हा तिगावच्या बगीच्यात होती. तिनं सूचना एका पोरीकडून वाचून घेतली आणि विचारलं, "यात नाई म्हनाचं कोनतं?" पोरीनं दाखवलं. मावशीनं ते दाबलं.

ऑफिसात विवेक सर जागेवरून उठून माझ्या टेबलापाशी आले. बीनबॅगमधून कोणाची मदत न घेता उठताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मॅडम, टोळीला रिजेक्टचं बटण कोणी दिलं?"

"मी."

"काकांचा फोन आहे. ते म्हणून राहिले, मजुरानं मला रिजेक्ट केलं. चार लोकांत त्यांची काय राहिली?"

"काकांनी आधी टोळीला रिजेक्ट केलं होतं सर. त्यांच्या पडद्यावर ते बटण पहिल्या दिवसापासून आहे."

"ते कस्टमर आहेत."

"तोडायला कोणी नसेल तर कसले कस्टमर?"

"काढून टाका ते."

"मी काढणार नाही," मी म्हटलं. "माझा हिशोब आजच करून टाका, पण मी ते काढणार नाही."

गणेशही काढणार नाही म्हणाला. सर आत गेले. त्यांनी आयुष्यात कोडची फाईल उघडली नव्हती. पण आता टोळ्यांचा फोल्डर बाहेरच होता, त्यावर टोळ्या असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आत एकच पडदा, आणि त्याच्या डोक्यावर बटणांचं नाव. थोड्याच वेळात माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला: "मॅडम, पटकन सापडलं. एक नंबर काम केलं तुम्ही. एवढं क्लीन कोड मी पाहिलं नाही."

वीस वर्षांच्या नोकरीत या कामाची मला मिळालेली ही एकमेव शाबासकी. मी ती अजून पुसलेली नाही. त्याच दिवशी मी टेबल रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या दारात आली. मोहल्ल्याच्या तोंडाशी तिगावची गाडी उभी होती, बाया चढत होत्या. तिनं फोन माझ्यापुढे धरला. काकांची मागणी पुन्हा आलेली होती. खाली फक्त हिरवं "हो".

"ते दुसरं कुठं गेलं वं?"

"काढलं मावशी."

"कोनं?"

"सरांनी."

"मंग हे असंच राहू दे," ती म्हणाली, फोन शिदोरीच्या पिशवीत टाकला आणि जाऊन गाडीत बसली.

बगीचेवाल्याची मागणी गेली की त्याच्या फोनवर एक वाक्य येतं: "टोळीच्या उत्तराची वाट पाहत आहोत." ते वाक्य मी लिहिलं होतं. टोळीनं काहीतरी दाबल्याशिवाय, नाही तर बगीचेवाल्यानं स्वतः मागणी रद्द केल्याशिवाय ते पडद्यावरून जात नाही. मावशीची टोळी त्या हंगामात शेवटच्या तोड्यापर्यंत तिगावकडेच होती.